भवानी झाली नाही म्हणून दुकान विकायचं का? खराब सुरुवात झालेल्या टीमचा हिशोब

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘तर’ आणि मध्येच ओरडणारा कोंबडा एवढं काढलंय. बाकी जसंच्या तसं.)

मी बोलतोय अजिंठ्यातून. लेणी नाही हं, गाव. लेणी बघायला आमच्याकडून घाट उतरून खाली जावं लागतं आणि मॅच बघायला गच्चीवर चढावं लागतं, कारण खाली नेटवर्क येत नाही. आमच्या गच्चीवर सहा-सात जण जमतात. फोन एक, डेटा ज्याचा उरला असेल त्याचा. मुंबईचं स्टेडियम इथून चारशे किलोमीटरच्या पुढे, तरी आम्ही स्वतःला मुंबई सिटीचे फॅन म्हणवतो.

आजचा विषय तुमच्यापैकी खूप जणांनी विचारलेला. टीमची सुरुवात खराब झाली की काय समजायचं? टीम वाईट आहे, की फक्त नशीब? कोचला हाकला म्हणायचं, की थांबायचं? आणि आपण बघत राहायचं की नाही?

सुरुवात करतो २०२४ च्या ऑक्टोबरपासून. मुंबई सिटीनं त्याच वर्षी मे महिन्यात मोहन बागानला फायनलमध्ये ३-१ हरवून आयएसएलचा कप जिंकला होता. आम्ही हवेत. नवा सीझन सुरू झाला. पहिली मॅच मोहन बागानशीच, २-२. दुसरी जमशेदपूरशी, २-३ हार. तिसरी बेंगळुरूशी, ०-०. तीन मॅच झाल्या आणि विजय एकही नाही.

त्या रात्री माझा मावसभाऊ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडून गेला. नुसता गेला नाही, जाताना ‘संपलं’ असं टाकून गेला.

हा मावसभाऊ फर्दापूरला, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पर्यटकांना गारगोट्या आणि स्फटिक विकतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. म्हटलं, “तुझा सीझन आता दिवाळीपासून सुरू होणार. पहिले चार दिवस भवानी झाली नाही, तर दुकान विकतो का तू?”

तो म्हणाला, “दादा, चार दिवसांत एखादा सोमवार असतो. सोमवारी लेणीच बंद. त्या दिवशी गिऱ्हाईक कुठून येणार?”

बस्स. आजचा अर्धा एपिसोड या एका उत्तरात आहे. स्वतःच्या धंद्याचा हिशोब करताना तो सोमवार बरोबर बाजूला काढतो. टीमचा हिशोब करताना मात्र सगळे दिवस सारखेच धरतो. आपण सगळेच धरतो.

आधी नाणं उडवू

फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. क्रिकेटमध्ये तीनशे रन होतात, त्यामुळे एखादी चूक भरून निघते. कबड्डीत तीस-पस्तीस पॉइंट असतात. फुटबॉलमध्ये अख्ख्या नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल. एक डिफ्लेक्शन, एक चुकीची पेनल्टी, आणि निकाल उलटा. म्हणून एका मॅचच्या निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो.

किती मोठा? साधा हिशोब करू. समजा एक चांगली टीम आपल्या निम्म्या मॅच जिंकते. म्हणजे नाणं उडवल्यासारखं, छापा पडला तर विजय, काटा पडला तर ड्रॉ किंवा हार. आता लागोपाठ चार काटे पडण्याची शक्यता किती? अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, त्याचं अर्धं. सोळात एक. तेरा टीमच्या लीगमध्ये चांगल्या टीम पाच-सहा असतात. त्यांच्यापैकी एखादीला सुरुवातीलाच चार काटे पडले तर त्यात नवल काही नाही. आणि तेच चार काटे जानेवारीत पडले असते तर कुणी बोललंही नसतं, कारण टेबलमध्ये आधीचे पॉइंट दिसत असतात. सुरुवातीला टेबल रिकामं असतं, म्हणून तेवढंच दिसतं.

उदाहरण घ्या, २०२०-२१ ची मुंबई सिटी. त्या टीमनं लीग शील्डही जिंकली आणि कपही. एवढी भारी टीम, पण लीगच्या २० मॅचपैकी किती जिंकली? १२. म्हणजे आठ वेळा चॅम्पियन टीमसुद्धा जिंकली नाही. ते आठ काटे कुठे पडायचे, हे कुणाच्या हातात नसतं.

पण मी तुम्हाला ‘सगळं नशीब आहे, गप बसा’ असं सांगणार नाही. तसं सांगणाराही चुकतो. चार मॅचवरून निकाल लावता येत नाही, पण चार मॅचमध्ये काय बघायचं ते कळलं तर अंदाज बांधता येतो. त्यासाठी मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: त्यात सोमवार किती होते?

म्हणजे समोर कोण होतं, मॅच कुठे होती, आणि टीम पूर्ण होती का.

जगातलं गाजलेलं उदाहरण आर्सेनलचं, २०२१-२२. पहिल्या तीन मॅच हरले, एकही गोल नाही, नऊ गोल खाल्ले, टेबलमध्ये तळाला. आता समोर कोण होतं ते बघा. पहिली मॅच ब्रेंटफर्डकडे, ती हार खरंच बोचरी. पण दुसरी चेल्सी, म्हणजे तेव्हाचे युरोपचे चॅम्पियन. तिसरी मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, म्हणजे इंग्लंडचे चॅम्पियन. तीनात दोन सोमवार. सीझन संपला तेव्हा आर्सेनल पाचव्या नंबरवर होतं. चॅम्पियन झालं नाही, पण तळाची टीमही नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण पुन्हा तीच २०२०-२१ ची मुंबई सिटी. कोविडचा काळ, सगळ्या मॅच गोव्यात, प्रेक्षक नाहीत. नवा कोच सर्जिओ लोबेरा, नवे खेळाडू, प्रचंड अपेक्षा. पहिली मॅच २१ नोव्हेंबर २०२०, वास्कोच्या टिळक मैदानावर, नॉर्थईस्ट युनायटेडशी. हाफटाइमच्या आधीच अहमद जाहूला रेड कार्ड. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला पेनल्टी. ०-१ हार. आमच्या गच्चीवर तेव्हाही ‘संपलं’ झालं होतं.

पण बघा, ती मॅच अर्ध्याहून जास्त वेळ दहा जणांनी खेळलेली होती. म्हणजे अकरा जणांची मुंबई सिटी कशी आहे, हे त्या मॅचनं फारसं सांगितलंच नव्हतं. पुढच्या १२ मॅच ही टीम हरली नाही. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला फायनलमध्ये बिपिन सिंगनं ९० व्या मिनिटाला गोल मारला आणि एटीके मोहन बागानवर २-१ नं कप आला. मी तेव्हा गच्चीवरून इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुणाला साप चावला का.

दुसरा प्रश्न: गोल नाही झाला, पण झाला असता का?

हा प्रश्न महत्त्वाचा, आणि टेबल याचं उत्तर कधीच देत नाही.

तुम्ही स्कोअरच्या अ‍ॅपमध्ये ‘एक्सजी’ असं काहीतरी पाहिलं असेल. म्हणजे एक्स्पेक्टेड गोल्स. घाबरू नका, सोपं आहे. प्रत्येक शॉटला एक किंमत द्यायची. अशा जागेवरून, अशा परिस्थितीत मारलेले हजारो शॉट पाहून, त्यातले किती गोल झाले त्यावरून ती किंमत ठरते. पेनल्टीची किंमत साधारण पाऊण गोल, कारण चारातल्या तीन पेनल्टी आत जातात. लांबून, गर्दीतून मारलेल्या शॉटची किंमत अगदी थोडी, शंभरातले काहीच आत जातात. सगळ्या शॉटच्या किमतींची बेरीज केली की कळतं, टीमनं साधारण किती गोलांइतके चान्स तयार केले.

आता समजा तुमची टीम चार मॅचमध्ये दोनच गोल करते, पण चान्स सहा गोलांचे तयार झालेत. तर काळजी कमी करा. चान्स तयार करणं हे टीमचं काम आहे, ते होतंय. बॉल पोस्टला लागणं, गोलकीपरला चढणं, हे कायम तसंच चालत नाही.

उलट समजा टीमनं चार मॅचमध्ये सहा गोल केले आणि चान्स होते फक्त दोन गोलांचे. तर नाचताना जरा जपून.

आकडे नको असतील तरी चालेल. मॅच बघताना एवढंच बघा: आपला स्ट्रायकर बॉल कुठे घेतोय? समोरच्यांच्या पेनल्टी बॉक्समध्ये, की सेंटर सर्कलमध्ये पाठ करून? आपले डिफेंडर बॉल गेला की परत धावतायत, की एकमेकांकडे हात करतायत? हे नुसत्या डोळ्यांना दिसतं आणि त्याला डेटा पॅक सोडून काही लागत नाही.

तिसरा प्रश्न: घरातून कोण गेलं?

इथे मी मावसभावाची माफी मागतो. २०२४ ला त्याचं ‘संपलं’ अगदीच चुकीचं नव्हतं.

मी त्या वेळी पहिल्या प्रश्नावरच थांबलो होतो. म्हणालो, पहिली मॅच कोलकात्यात, मागच्या वर्षीच्या शील्ड जिंकणाऱ्या टीमशी, आणि तीही ०-२ वरून २-२ केली, हा सोमवारच की! बरोबर होतं. पण तिसरा प्रश्न मी विचारलाच नाही. कप जिंकलेल्या त्या टीममधून होर्हे पेरेरा दियाझ, आल्बेर्तो नोगेरा आणि राहुल भेके बेंगळुरूला गेले होते. मिडफिल्डचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला गेला होता. पुढचा माणूस, मधला माणूस, मागचा माणूस, सगळीकडून एकेक वीट काढलेली. जर्सी तीच, बॅज तोच, पण आत टीम दुसरीच.

त्या सीझनला मुंबई कशीबशी सहावी आली आणि प्लेऑफमध्ये बेंगळुरूकडून ०-५ हरली. त्याच बेंगळुरूकडून, जिथे आपले तिघे गेले होते.

म्हणजे खराब सुरुवात ही कधीकधी नुसती सुरुवात नसते, खरी बातमी असते. आणि ती बातमी मैदानात यायच्या आधी ट्रान्सफरच्या यादीत छापून आलेली असते.

तरी हे तीन प्रश्न म्हणजे पंचांग नाही. एफसी गोवा २०१५ मध्ये लीग टेबलमध्ये पहिली होती, फायनलमध्ये चेन्नईयिनकडून २-३ हरली. पुढच्या वर्षी कोच तोच, साक्षात झिको. पहिल्या तीनही मॅच हरले. ‘अरे, झिको आहे, होईल नीट’ असं म्हणणाऱ्यांचं काहीच चुकत नव्हतं. पण सीझन संपला तेव्हा गोवा शेवटच्या नंबरवर होती, १४ मॅचमध्ये १४ पॉइंट. थांबणाऱ्यांचाही कधीकधी पराभव होतो.

अजून एक गुंता सांगतो. २०१८-१९ मध्ये मुंबई सिटी पहिल्या चार मॅचमध्ये एकच जिंकली आणि चौथी मॅच गोव्याकडून ०-५ हरली. नंतर टीमनं जोर धरला. उरलेल्या १४ मॅचमध्ये २६ पॉइंट, लीगमध्ये तिसरा नंबर. आम्ही म्हटलं, बघा, ती ०-५ म्हणजे अपघात होता. मग सेमीफायनलला पुन्हा गोवा समोर. आपल्याच मैदानावर १-५. दुसरी मॅच १-० जिंकली, पण तोवर काय उरलं होतं! पॉइंट भरून निघाले, पण गोव्याच्या पासिंगपुढे टीम उसवते ही खोट तशीच राहिली होती. ऑक्टोबरमधल्या त्या हारेनं एक गोष्ट खरी सांगितली होती, आम्ही ती टेबल सुधारल्यावर विसरून गेलो.

आणि कोच?

आमच्या सिल्लोड तालुक्यात जूनमध्ये मका-कपाशी पेरतात. पेरलं, आणि पाऊस गायब झाला, की पंधरा दिवसांनी गावात एकच विषय: दुबार पेरणी करायची का? पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा मजुरी. शेजाऱ्यानं मोडलं म्हणून मोडायचं नसतं. माझे वडील शेतात उकिडवे बसून बोटानं माती उकरतात. बघतात, खाली ओल आहे का, दाण्याला कोंब आहे का. कोंब असला तर थांबतात. दाणा कुजला असेल तर त्याच दिवशी ठरवतात.

कोच बदलणं म्हणजे दुबार पेरणी. आकाशाकडे बघून, म्हणजे टेबलकडे बघून, ती करायची नसते. माती उकरायची असते. आणि इथे आपला एक घोळ होतो. कोच नेहमी टीमच्या सगळ्यात वाईट दिवसांत काढला जातो. सगळ्यात वाईट दिवसांनंतर बहुतेक वेळा जरा बरे दिवस येतातच, कुणीही असलं तरी. मग श्रेय नव्या माणसाला.

आता माझी गोष्ट. ही सांगायची की नाही यावर मी दोनदा रेकॉर्डिंग थांबवलं.

२०१८ ला मी शिकायला पुण्यात होतो आणि एफसी पुणे सिटीचा फॅन होतो. बालेवाडीला बसनं जायचं, केशरी टी-शर्ट घालून. आदल्या सीझनला टीम चौथी आली होती, सेमीफायनल खेळली होती. नवा सीझन, नवा कोच, मिगेल आंखेल पोर्तुगाल. तीन मॅच, एक पॉइंट, आणि कोच गेला. तीन मॅचमध्ये! पुढे प्रद्युम रेड्डींनी टीम हाती घेतली. तरी चौथी, पाचवी, सहावी, सातवी मॅचसुद्धा जिंकली नाही. सात मॅच, दोन पॉइंट.

सातव्या मॅचनंतर मी थांबलो. म्हटलं, परीक्षा आहे, तिकिटाचे पैसे वाया कशाला. टी-शर्ट बॅगच्या तळाशी. मित्रांना सांगितलं, पुढच्या वर्षी बघू.

आठव्या मॅचला टीम जिंकली, जमशेदपूरवर २-१. मी बघितली नाही. डिसेंबरमध्ये फिल ब्राउन कोच म्हणून आले. सीझन संपला तेव्हा पुणे सिटी सातवी होती, १८ मॅचमध्ये २२ पॉइंट. वजाबाकी करा. मी सोडल्यानंतरच्या ११ मॅचमध्ये २० पॉइंट! माझी टीम चांगली खेळत होती आणि मी बालेवाडीपासून काही किलोमीटरवर बसून दुसरंच काहीतरी बघत होतो.

आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणालो होतो ना? पुढचं वर्ष आलंच नाही. २०१९ मध्ये क्लब बंद झाला. त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. हैदराबादचीही सुरुवात भयानक होती. पहिली मॅच ०-५, पहिला सीझन शेवटच्या नंबरवर, १० पॉइंट. पण तिथल्या लोकांना पुढचं वर्ष मिळालं, त्याच्या पुढचंही मिळालं. २० मार्च २०२२ ला हैदराबादनं केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून कप जिंकला.

महाराष्ट्रात हे एकदाच घडलेलं नाही. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. भारत एफसी आय-लीगमध्ये एकच सीझन, २०१४-१५. पुणे एफसी गेली. डीएसके शिवाजियन्स २०१६-१७ नंतर आय-लीगमध्ये दिसली नाही. मुंबई एफसी त्याच सीझनला खाली उतरली आणि नंतर उरली नाही. आपल्याकडे फॅन टीमला सोडतो त्याच्या आधी कितीदा टीमच फॅनला सोडून गेलीय, ते मोजा.

म्हणून माझा हिशोब दोन वह्यांमध्ये आहे. एका वहीत तीन प्रश्न: समोर कोण होतं, चान्स तयार होतायत का, कोण गेलं. त्यावरून टीम वाईट आहे की कमनशिबी, याचा अंदाज बांधायचा, आणि दहा-बारा मॅच होईपर्यंत तो पेन्सिलनं लिहायचा. कोचवर टीका करायची, मॅनेजमेंटला प्रश्न विचारायचे, सगळं करायचं.

दुसरी वही म्हणजे मी बघणार की नाही. ती पहिलीच्या उत्तरावर चालवायची नाही, एवढं मी पुण्यात शिकलो. टीम खरंच वाईट असली तरी हे वर्ष तिचं आहे आणि माझंही आहे. ते परत येत नाही.

मावसभाऊ ग्रुपमध्ये परत आला का? आला. ३ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, मुंबईनं केरळला ४-२ हरवलं त्या रात्री. येताना फक्त एवढंच लिहिलं, ‘भवानी झाली.’ पुढे त्या सीझनचं काय झालं ते मघाशी सांगितलंच. ०-५ च्या दिवशीही तो गच्चीवर होता, शेवटच्या शिट्टीपर्यंत. डेटा त्याचाच होता.

तुमच्या टीमच्या सगळ्यात वाईट सुरुवातीची गोष्ट मला व्हॉइस नोटवर पाठवा, एका मिनिटात. चांगल्या असतील त्या पुढच्या भागात ऐकवतो. तोवर ऐकत राहा, आणि मॅच असेल तर बघत राहा. भेटू.